वजन जास्त असताना छोट्या छेदाची बायपास: पहिल्या भेटीपासून घरी सावरेपर्यंत

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले आणि स्टेंटऐवजी बायपास सांगितली, की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. छाती पूर्ण उघडणार का? आणि एवढं वजन असताना ऑपरेशन झेपेल का? छोट्या छेदातूनही बायपास होते हे कुणीतरी सांगितलेलं असतं. लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, "वजनदार माणसाला ते करत नाहीत." हा सल्ला सरसकट खरा नाही. छातीचं हाड न कापण्याचा फायदा ज्यांना सर्वांत जास्त होऊ शकतो, त्यांत स्थूल रुग्ण येतात. मात्र त्यांच्या शरीरात हे ऑपरेशन करणं सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला जास्त अवघड जातं, हेही तितकंच खरं आहे. या दोन्ही बाजू कशा तोलायच्या आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. रुग्णासाठी तर आहेच, पण फाईल घेऊन सोबत फिरणाऱ्या घरच्यांसाठीही आहे.

पायरी 1: नेमकं काय करतात ते समजून घ्या

बायपासमध्ये तुंबलेली रक्तवाहिनी साफ करत नाहीत. तुंबलेल्या जागेच्या पुढे नवी वाट जोडून देतात. त्यासाठी शरीरातलीच नळी वापरतात: छातीच्या आतल्या बाजूने जाणारी धमनी, हातातली रेडियल धमनी किंवा पायातली शीर. यांत छातीतली डावी धमनी सर्वांत मोलाची. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिनीला, म्हणजे डॉक्टर जिला एलएडी म्हणतात तिला, ही धमनी जोडली तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊच्या आसपास जोडण्या चालू असतात. पायाच्या शिरा इतक्या टिकत नाहीत. दहा वर्षांत त्यांतल्या बऱ्याच बंद पडतात किंवा खराब होतात.

नेहमीच्या बायपासमध्ये छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत कापतात आणि शेवटी तारांनी बांधतात. छोट्या छेदाच्या पद्धतीत ते हाड शाबूत राहतं. डाव्या स्तनाखाली, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीच्या फटीत साधारण 5 ते 8 सेंटिमीटरचा छेद घेतात आणि तिथून काम करतात. स्थूल शरीरात हा छेद थोडा मोठा घ्यावा लागू शकतो.

ही कल्पना आजची नाही. 1964 मध्ये लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव यांनी छातीच्या डाव्या बाजूने जाऊन, धडधडत्या हृदयावरच छातीतली धमनी जोडली होती. 1967 मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास सुरू केली. पुढे हाड कापून, हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरतं हृदयाचं आणि फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) करायची पद्धत सगळीकडे रुळली आणि बाजूची वाट मागे पडली. 1990 च्या दशकात सर्जन पुन्हा तिच्याकडे वळले.

तुमच्या कानावर चार प्रकार येतील. एकच जोडणी करायची असेल तर त्याला मिडकॅब म्हणतात. त्याच बाजूच्या छेदातून दोन-तीन जोडण्याही करतात, पण त्यासाठी सर्जनचा हात चांगला बसलेला असावा लागतो. तिसऱ्या प्रकारात धमनी सोडवण्याचं काम किंवा सगळं ऑपरेशन रोबोटच्या मदतीने होतं. चौथा प्रकार हायब्रिड: एलएडीला छातीतली धमनी जोडायची आणि बाकीच्या ब्लॉकेजमध्ये स्टेंट टाकायचे. स्थूल रुग्णासाठी हायब्रिडचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. सर्वांत टिकाऊ जोडणी मिळते, हाड वाचतं, आणि पायाची शीर काढावीच लागत नाही. अर्थात बाकीचे ब्लॉकेज स्टेंट घालण्याजोगे असतील तरच.

पायरी 2: वजनामुळे काय काय बदलतं

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 30 च्या वर गेला की लठ्ठपणा आणि 40 च्या वर गेला की तीव्र लठ्ठपणा धरतात. आशियाई बांध्याच्या लोकांत त्याहून कमी आकड्यालाच धोका सुरू होतो. पण हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. बीएमआय 33, साखर ताब्यात आणि रोज चालणं, अशा माणसाचं ऑपरेशन बीएमआय 28, साखर बेभान आणि सिगारेट चालू, अशा माणसापेक्षा सुरळीत जाऊ शकतं. मध्यम लठ्ठपणामुळे बायपासमध्ये जीवाचा धोका फार वाढतो असं दिसत नाही. वाढतात त्या इतर गुंतागुंती, आणि त्यात पहिला नंबर जखमेचा.

कापलेलं हाड तारांनी बांधलेलं असतं. छातीचं आणि स्तनांचं वजन त्या जोडाला दोन्ही बाजूंनी ओढत राहतं. खोकला आला की ताण आणखी वाढतो. त्वचेखालच्या चरबीला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तिथे जखम सावकाश भरते आणि जंतूंना वाव मिळतो. मधुमेह सोबत असेल तर आणखी कठीण. हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग एकूण रुग्णांत शंभरात एक-दोघांना होतो, पण ज्याला होतो त्याला पुन्हा ऑपरेशन, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक आणि जीवाची भीती, असं सगळं सोसावं लागतं. लठ्ठपणा आणि मधुमेह एकत्र आले की ही शक्यता ठळकपणे वाढते. हाड कापलंच नाही, तर हा एक मोठा धोका यादीतून निघून जातो. बाजूच्या छेदालाही संसर्ग होऊ शकतो, पण तो बहुधा वरवरचा असतो आणि ड्रेसिंगने आटोक्यात येतो.

आता अवघड बाजू. छातीच्या भिंतीवर चरबीचा जाड थर असला की छेद एका खोल विहिरीसारखा होतो. अवजारं लांब लागतात, उजेड आत पोहोचवावा लागतो. पोटातल्या चरबीने श्वासपटल वर ढकललेलं असतं, त्यामुळे हृदय आडवं बसलेलं असतं. हृदयावरही चरबी असते आणि तिच्याखाली बारीक वाहिनी शोधायची असते. त्यात या ऑपरेशनसाठी डावं फुफ्फुस काही वेळ मिटवून ठेवून एकाच फुफ्फुसावर श्वास चालवावा लागतो. स्थूल माणसाच्या फुफ्फुसात आधीच हवेचा साठा कमी, म्हणून ऑक्सिजन भराभर खाली येऊ शकतो. या अडचणींवर उपाय आहेत, पण त्यांची सवय असलेली टीम हवी.

पायरी 3: आपण या पद्धतीत बसतो का, ते तपासून घ्या

अँजिओग्राफीची सीडी घेऊन सर्जनकडे जा. केवळ रिपोर्टचा कागद पुरत नाही. वाहिनी चांगल्या जाडीची आहे का, स्नायूच्या आत दडलेली आहे का, हे चित्रातच दिसतं. छातीचं सीटी स्कॅन करून घेतलं तर चरबीचा थर, धमनीची वाट आणि छेदाची योग्य जागा आधीच ठरवता येते. वजन फार जास्त असेल तर सीटीच्या टेबलाची आणि ऑपरेशन टेबलाची वजनमर्यादा आधी विचारून ठेवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

सोबत इको, फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, किडनीचे रक्ततपास आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) होतात. हार्ट-लंग मशीन लागलंच तर त्याच्या नळ्या जांघेतून घालाव्या लागतात, म्हणून पायांच्या रक्तवाहिन्याही पाहून घेतात.

काही वेळा ही पद्धत टाळणंच शहाणपणाचं असतं: फुफ्फुसं फार खराब आहेत, डाव्या छातीत आधी ऑपरेशन झालंय किंवा क्षयासारख्या आजाराने फुफ्फुस भिंतीला चिकटलंय, डाव्या हाताला रक्त देणारी मुख्य धमनी अरुंद आहे, झडपही बदलायची आहे, किंवा रुग्ण अत्यवस्थ आहे आणि वेळच नाही. अशा वेळी हाड कापून केलेली चांगली बायपास हा कमी दर्जाचा पर्याय नाही. त्वचेवरची खूण किती मोठी, यापेक्षा आतली जोडणी किती वर्षं चालेल हे पाहायचं असतं.

पायरी 4: सर्जनला हे विचारा

प्रश्न कागदावर लिहून न्या आणि घरातलं एक माणूस सोबत ठेवा. ही पद्धत तुम्ही नियमित करता का, आणि माझ्या वजनाच्या रुग्णांवर केली आहे का? माझ्या सगळ्या ब्लॉकेजना जोडणी मिळणार, की एखादं सोडावं लागणार? मध्येच हाड कापायची वेळ तुमच्याकडे किती जणांवर येते? हार्ट-लंग मशीन लागलं तर नळ्या कुठून घालणार?

दुसरा प्रश्न सर्वांत कळीचा. छेद छोटा ठेवण्यासाठी एखादी महत्त्वाची वाहिनी सोडणार असतील, तर तो सौदा रुग्णाच्या तोट्याचा आहे.

संमतीपत्रावर "गरज पडल्यास छातीचं हाड उघडू" असं लिहिलेलं असतं. ते वाचून घाबरू नका. वेळीच मार्ग बदलणारा सर्जन हट्टाने छोट्याच छेदात अडकून राहणाऱ्यापेक्षा नक्कीच बरा.

हाड कापूनच करायचं ठरलं, तर पुढचे दोन प्रश्न विचारा: जखमेवर निर्वात दाबाची (पंपाने सतत हलकी ओढ देणारी) ड्रेसिंग लावणार का, आणि छातीतल्या दोन्ही धमन्या वापरणार असाल तर हाडाचा रक्तपुरवठा कसा जपणार?

पायरी 5: ऑपरेशनच्या आधीचे आठवडे

सर्वांत जास्त फरक इथे पडतो, आणि बरंचसं तुमच्या हातात असतं.

"आधी वीस किलो कमी करून या" असं कुणी म्हणालं, तर किती वेळ थांबणं सुरक्षित आहे ते हृदयरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारा. डाव्या मुख्य वाहिनीतच ब्लॉकेज असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर वजनासाठी थांबण्यात धोका आहे. आणि वेळ असला तरी उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका. त्यात स्नायू झिजतात, प्रथिनं कमी पडतात आणि जखम भरायला शरीराकडे साठाच उरत नाही. या काळात प्रथिनं पुरेशी, साखर आटोक्यात आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तेवढं सपाट जागेवर चालणं, इतकं पुरे.

साखरेकडे मात्र नेटाने बघा. एचबीएवनसी 7 ते 7.5 च्या आसपास आणता आलं तर उत्तम. खूप जास्त असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर काही आठवडे देऊन ते उतरवण्यावर चर्चा करता येते. सिगारेट, विडी, तंबाखू आजच बंद. किमान चार आठवड्यांचं अंतर मिळालं तर फुफ्फुसं बरीच सावरतात.

आता झोप. मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का, दिवसा पेंग येते का? झोपेत श्वास अडकण्याचा आजार स्थूल लोकांत खूप आढळतो आणि कित्येकांना तो असल्याचा पत्ताच नसतो. भूलतज्ज्ञ यासाठी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात. तीन किंवा जास्त "हो" आले तर पुढे बघायला हवं. याचं उत्तर रुग्णापेक्षा शेजारी झोपणारं माणूस खरं देऊ शकतं, म्हणून त्यांनीही भूलतज्ज्ञाला भेटावं. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) आधीपासून असेल तर ते मास्कसकट हॉस्पिटलात न्यायचंच. नव्याने लागणार असेल तर ऑपरेशनच्या आधी काही रात्री त्याची सवय करून घ्या. दुखत असताना, परक्या खोलीत पहिल्यांदा मास्क लावणं फार जड जातं.

त्वचेचं कुणी फारसं सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. स्तनांखालची, पोटाच्या घडीतली आणि जांघेतली त्वचा रोज आरशात बघा. लाली, खाज, ओलसर पांढरट थर किंवा वास असेल तर ते बुरशीचं लक्षण असू शकतं. छेद नेमका याच भागात येणार असतो. आठवडाभर मलम लावून, घडी कोरडी ठेवून ते बरं करता येतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लक्षात आलं तर तारीख पुढे जाते. दात किडले असतील, पायाला जखम असेल, लघवीला जळजळ असेल, तर तेही आधीच दाखवा. नाकातल्या जंतूंची तपासणी होते, आणि गरज पडली तर मलम व क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची आंघोळ सांगतात. छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापांतून जंतू शिरतात.

श्वासाचा व्यायामही आत्ताच सुरू करा. तीन चेंडू असलेलं छोटं यंत्र मिळतं. सरळ बसून, सावकाश आत श्वास ओढून चेंडू वर धरायचे. छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून मगच.

पायरी 6: औषधांची यादी, नावं आणि मात्रांसकट

कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः अलीकडे स्टेंट घातला असेल तर. साधारण पद्धत अशी असते: अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. रक्ताची गुठळी रोखणारी इतर औषधं, म्हणजे क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस, टिकाग्रेलॉर 3 ते 5 दिवस आणि प्रासुग्रेल 7 दिवस आधी थांबवतात.

दोन औषधगटांची आठवण तुम्हीच करून द्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही साखरेची आणि हृदयाचीही औषधं किमान 3 दिवस आधी बंद करावी लागतात. नाहीतर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर पोट सावकाश रिकामं होतं, आणि भूल देताना पोटातलं अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख लिहून भूलतज्ज्ञाला द्या.

पायरी 7: ऑपरेशनचा दिवस

टेबलावर डोकं आणि खांदे उंच करून झोपवतात आणि भूल देण्याआधी मास्कने भरपूर ऑक्सिजन देतात. छेद घेण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं जातं. ते वजनाप्रमाणे द्यायचं असतं: सेफॅझोलिन सहसा 2 ग्रॅम, पण वजन 120 किलो किंवा जास्त असेल तर 3 ग्रॅम. म्हणून फाईलवर आजचं खरं वजन लिहिलंय ना, ते पाहून घ्या.

पायाची शीर लागणार असेल तर ती दुर्बिणीने, दोन-तीन बारीक छेदांतून काढता येईल का हे आधीच विचारलेलं बरं. जाड पायावर घोट्यापासून मांडीपर्यंतची लांब चीर भरायला फार त्रास देते; कधी कधी छातीपेक्षा पायाचीच जखम जास्त दिवस चिघळते.

बाहेर थांबलेल्यांसाठी एवढंच, की छोट्या छेदाचं ऑपरेशन अनेकदा नेहमीच्या बायपासपेक्षा जास्त वेळ घेतं. उशीर म्हणजे काही बिघडलं, असं समजू नका.

पायरी 8: पहिले काही दिवस

छेद छोटा म्हणजे दुखणं कमी, असा समज घेऊन जाल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत निराश व्हाल. बरगड्यांच्या मध्ये नसा असतात आणि त्या ताणल्या गेलेल्या असतात. सुरुवातीला हे दुखणं हाडाच्या दुखण्यापेक्षा जास्तही असू शकतं; नंतर मात्र झपाट्याने उतरतं. त्यासाठी नस बधिर करणारी इंजेक्शनं देता येतात. स्थूल रुग्णात ती विशेष उपयोगी, कारण मॉर्फिनसारख्या औषधांनी झोपेत श्वास मंदावतो. पण दुखणं दाबून गप्प पडून राहू नका. दुखलं की खोल श्वास घेतला जात नाही, कफ साठतो, आणि तिथूनच न्यूमोनिया सुरू होतो.

पाठ उंच करून झोपा. झोपताना, अगदी दुपारच्या डुलकीलाही सीपॅप लावा. श्वासाचं यंत्र जागेपणी दर तासाला. सांगतील तेव्हा उठून खुर्चीत बसा आणि लगेच पावलं टाका. पायांत गुठळी होण्याचा धोका वजनामुळे जास्त असतो, म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शनंही देतात. रक्तातली साखर 180 च्या खाली ठेवण्यासाठी इन्सुलिन लागू शकतं, आधी मधुमेह नसला तरी. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हृदयाचे ठोके अनियमित होणं बायपासनंतर बऱ्याच जणांत दिसतं. औषधांनी ते बहुधा पूर्ववत होतात.

पायरी 9: घरी आल्यावर

हाड कापलेलं नसेल तर गाडी चालवणं, ओझं उचलणं, कुशीवर झोपणं हे सगळं बहुधा काही आठवड्यांत, सर्जनने तपासल्यावर, सुरू करता येतं. हाड कापलं असेल तर ते जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण बळ यायला तीनेक महिने द्यावे लागतात. स्थूल माणसाला खुर्चीतून उठताना हातांवर जोर देण्याची सवय असते. हाड कापलेल्यांनी तेवढ्या काळापुरती ती मोडायची. उंच खुर्ची घ्या, पुढे सरका, पायांवर भार देऊन उठा.

स्तनाखालची जखम दिवसातून दोनदा बघा. स्वतःला दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढायला सांगा. घडीत मऊ कोरडं सुती कापड ठेवा आणि घाम आला की बदला. स्तन जड असतील तर आधार देणारी, पुढून उघडणारी, तार नसलेली ब्रा दिवसरात्र वापरल्याने टाक्यांवरचा ताण कमी होतो. पावडर किंवा घरगुती लेप जखमेवर नको.

ताप, जखमेतून पू किंवा पाणी, वाढत जाणारी लाली, हाड कापलं असल्यास छातीत कटकट आवाज किंवा हाड हलल्यासारखं वाटणं, एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. दम एकदम वाढला, छातीत पूर्वीसारखं दुखलं किंवा बेशुद्धी आली, तर फोनची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा.

अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) आणि सांगितलं असेल तितके महिने क्लोपिडोग्रेल ही औषधं छोट्या छेदानंतरही तितकीच लागतात. कार्डियाक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांना देखरेखीखाली व्यायाम शिकवणाऱ्या कार्यक्रमात, नाव घाला. स्थूल रुग्णाला गुडघे सांभाळून, ठोक्यांवर लक्ष ठेवून व्यायाम शिकवणारी तीच जागा आहे.

वजन खऱ्या अर्थाने कमी करण्याची वेळ आता येते. जखम भरल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला, हा विषय तुम्हीच काढा. आहार आणि व्यायामापलीकडेही उपाय आहेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिलेक्ट या चाचणीत 17,604 लोक होते. हृदयविकार आणि जास्त वजन असलेले, पण मधुमेह नसलेले. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 20 टक्क्यांनी कमी दिसलं. बीएमआय 35 च्या वर असेल तर वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही विचारता येतं, पण ती हृदय स्थिरावल्यावर आणि हृदयरोगतज्ज्ञाच्या संमतीने. त्या भेटीला जाताना ऑपरेशनचा कागद, सध्याच्या औषधांची यादी आणि गेल्या काही आठवड्यांच्या वजनाची नोंद सोबत न्या.